मे महिन्यात रान मोकळं असतं : माणदेशातल्या पालकांना खुलं पत्र

माझ्या क्रॉसकंट्रीच्या पोरापोरींच्या सर्व पालकांना,

सप्रेम नमस्कार.

परवाच्या सभेला तुमच्यातले निम्मेच आले. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाच्या वस्तीवर नेमका त्याच वेळी टँकर आला. तक्रार नाही. पण जे आले त्यांनी चहा घेतला, पोरांचं कौतुक ऐकून घेतलं आणि चपला घालता घालता प्रत्येकानं तोच प्रश्न विचारला : "मॅडम, आता स्पर्धा तर नाहीत. मग मे महिन्यात कशाला पळायचं?"

मी घाईत "पाया पक्का होतो" असं काहीतरी पुटपुटले. तुम्ही मान हलवली आणि निघालात. दुसऱ्या दिवशी सात जणांचे फोन, सुट्टीत आमचं पोरगं येणार नाही म्हणून. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून कळवते.

उरलेलं अर्धं असं, की स्पर्धा नसतात म्हणूनच मे महिन्यात पळायचं. वर्षभरात पोरांना पळण्याची खरी मजा येते ती याच पाच-सहा आठवड्यांत.

तुम्ही शेतकरी माणसं, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. क्रॉसकंट्री म्हणजे रानातून पळणं. माती, गवत, चढ, उतार, खड्डे, चिखल, जे पुढ्यात येईल ते. आता आपल्याकडचं साल डोळ्यांपुढे आणा. मृगाला बाजरी पेरली की रान बंद. बाजरी निघते न निघते तोवर शाळू. उभ्या पिकातून पोरं पळाली तर तुम्हीच काठी घेऊन मागे लागाल, आणि बरोबरच आहे. म्हणजे रानातून पळणाऱ्या खेळाचा सराव आपली पोरं करतात कुठे, तर शाळेच्या मैदानाला गोल गोल फेऱ्या मारून, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरला वाट देत डांबरी रस्त्याच्या कडेनं. कोरड्या विहिरीत पोहायला शिकावं तसं. शाळू निघतो, कडबा गंजीला लागतो, आणि मग चैत्रापासून रोहिणीपर्यंत सगळं रान मोकळं असतं. बांधावरून उतरायचं आणि दिसेल त्या दिशेनं सुटायचं. कुणी हटकत नाही. ही मुभा वर्षातून एकदाच मिळते आणि तेव्हाच तुम्ही पोरांना घरी बसवता.

गेल्या मे महिन्यातली एक सकाळ सांगते. सव्वापाचला निघालो तेव्हा फटफटायचं होतं. रस्त्यावर मातीत बसलेला रातवा अगदी पायाशी येईपर्यंत हलला नाही, मग एकदम फडफडत उडाला आणि आठवीतली एक पोरगी किंचाळून दुसरीच्या अंगावर पडली. पुढचा अर्धा किलोमीटर नुसतं हसणं. कापलेल्या शाळूच्या रानातून जाताना सड टाळत पाय टाकायचा असतो. तो खुंट पिंडरीला घासला की कळ मस्तकात जाते. मग नांगरट लागली. ढेकळांवर पाय कसाही पडतो, घोटा इकडे वळतो तिकडे वळतो. पहिल्या आठवड्यात पोरं तिथं चालतात, दुसऱ्या आठवड्यात अडखळत पळतात, आणि चौथ्या आठवड्यात कुणी तरी मागे वळून बोलत बोलत ती पार करतं. पावलाला आणि घोट्याला जे शिक्षण ढेकळं देतात ते मला मैदानावर देता येत नाही. पुढे माणगंगेचं कोरडं पात्र. तिथं बूट काढायचे. रात्रीची वाळू गार असते. अनवाणी सहा वेळा, ऐंशी-ऐंशी पावलं, जोरात पण दात न आवळता. एवढ्यात दिवस उगवतो. लिंबाखाली मीठ-जिरं घातलेलं ताक, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, मोज्यांत घुसलेली कुसळं उपटायचा कार्यक्रम. सातला सगळे घरी. यात ऊन कुठे आलं सांगा.

या सगळ्या वेळात माझी अट एकच : बोलत पळायचं. ज्याला बोलताना दम लागला त्यानं वेग कमी करायचा. मी सायकलवर मागून येते आणि आवाज ऐकते. आवाज बंद झाला की समजायचं, कुणीतरी चढाओढ लावली आहे. तुम्हाला वाटेल ही कसली शिस्त. पण अशा गप्पा मारत केलेल्या लांब पळण्यानंच हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. दम कोंडून पळायचे दिवस ऑगस्टनंतर आहेतच. शिवाय दम लवकर वाढतो, हाडं आणि घोट्यामागची शीर मात्र सावकाश तयार होते. जो पोरगा मे महिना झोपून काढतो आणि जुलैत स्पर्धा जाहीर झाल्यावर एकदम रोज आठ किलोमीटर पळू लागतो, त्याची नडगी पंधरा दिवसांत धरते. मग तुम्ही म्हणता, पळण्यानं पोराचा पाय गेला. पळण्यानं नाही, न पळण्यानं गेला.

आणि घड्याळं. पहिल्याच दिवशी सगळ्यांची घड्याळं माझ्या पिशवीत जमा होतात, शाळा उघडली की परत. मोबाइलवर किलोमीटर मोजणारे ॲपही बंद. त्याऐवजी एक दोनशेपानी वही आहे, तिला पोरं 'वाटेची वही' म्हणतात. तिच्यात वेळ लिहायची नाही, वाट लिहायची. कुठून गेलो, काय दिसलं. मागच्या वर्षी सातवीतल्या एकानं लिहिलं होतं : "मेंढ्यांच्या वाड्याजवळून जाऊ नये. कुत्रं आहे. जायचं असल्यास म्हाताऱ्या आजोबांना आधी हाक मारावी, ते चांगले आहेत." एवढंच. हा पोरगा मराठीच्या पेपरात निबंध सोडून देतो.

आपल्या डोंगरांवर समतल चर खणलेले आहेत, ते तुम्हीच खणलेत. वॉटर कपच्या, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेच्या वर्षांत, असल्याच एप्रिल-मेच्या पहाटे, फावडी-घमेली घेऊन अख्खं गाव डोंगरावर असायचं. 2018 साली आपल्या माणमधल्या टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर काढला. तेव्हा उन्हाळा आहे म्हणून कुणी घरी बसलं नव्हतं, ही आठवण मुद्दाम करून देते. तर ते चर. पोरं उतरताना त्यांच्यावरून उड्या मारतात. एक, दोन, तीन, दहा, ताल धरून. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला मोहीची ललिता बाबर आठवली. तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. 2016 साली रिओ ऑलिम्पिकला या शर्यतीच्या अंतिम फेरीत ती पळाली. 1984च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. मोही इथून किती लांब आहे ते तुम्हाला सांगायला नको. तिकडे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. तोही दुष्काळी भागातला, तोही शेतकऱ्याचा पोरगा. सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि तिथून पुढे त्याचं पळणं सुरू झालं ते क्रॉसकंट्रीनंच. स्टीपलचेस नंतर आली. 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य, पहिल्या आलेल्या केनियाच्या पोराच्या पाच शतांश सेकंद मागे. तुमचं पोरगं साबळे होईल असं मी म्हणत नाही. बहुतेक होणार नाही. मीही ललिता झाले नाही. पण चरांवरून उड्या मारायला ऑलिम्पिकला जावं लागत नाही.

आता उन्हाबद्दल. तुमची भीती खोटी नाही, आणि हे मी स्वतःच्या अंगावरून सांगते आहे. पंधरा वर्षांची असताना आमच्या त्या वेळच्या एका शिक्षकांचं म्हणणं होतं, की पळताना पाणी प्यायलं की पोटात दुखतं आणि ऊन अंगावर घेतल्याशिवाय माणूस कणखर होत नाही. सकाळी साडेदहाला आम्हाला कॅनॉलच्या रस्त्यानं सोडलं. तिसऱ्या किलोमीटरला मला घाम यायचा बंद झाला, अंगावर काटा आला, चक्क थंडी वाजली. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा एका पंपाच्या खोलीत होते आणि एक अनोळखी मावशी डोक्यावर ओला पंचा धरून बसल्या होत्या. वर्षभर मी पळायचं नाव काढलं नाही. उन्हाशी थट्टा करू नये हे जगालाही असंच कळलं. ऑलिम्पिकमध्ये एकेकाळी क्रॉसकंट्री होती. 1924 साली पॅरिसला जुलैच्या भाजत्या दुपारी ही शर्यत घेतली. 38 जण निघाले, 15 पोचले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी जिंकला, बाकीचे वाटेत कोसळत होते. तेव्हापासून ऑलिम्पिकमध्ये क्रॉसकंट्री झालेली नाही.

म्हणून माझ्याकडे सकाळी सातनंतर कुणी पळत नाही. संध्याकाळी तर नाहीच, जमीन तेव्हा तव्यासारखी असते. पहिले दहा-बारा दिवस अंतर निम्मं. तेवढ्या दिवसांत अंग उन्हाळ्याला सरावतं : रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. पाणी दर वीस मिनिटांनी, मागो न मागो. ज्याला रात्री ताप, जुलाब किंवा उलटी झाली त्यानं यायचं नाही. पळताना कुणी बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, तर पळणं तिथंच थांबवून सावली, अंगावर पाणी आणि सरळ दवाखाना. सोबतच्या पोरांनाही हे पाठ आहे. एवढं करूनही एखाद्या दिवशी पहाटेच घुसमटायला लागलं, तर आम्ही पळत नाही, विहिरीवर जातो. पोहता येणारे आत, न येणारे काठावर दोरखंड धरून. त्या दिवसाचंही वाटेच्या वहीत पान असतं.

तुम्ही म्हणाल, मग विश्रांती कधी? घेतली की. शेवटची स्पर्धा झाल्यावर आणि पुन्हा परीक्षेच्या काळात पोरं पळालीच नाहीत, मी बोलावलंही नाही. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी आहेच. आणखी चार दिवस कुणाला यात्रेला जायचं असेल, हळदीला नाचायचं असेल, जाऊ द्या. यात्रेत पळण्याच्या शर्यती असतील तर त्यात मात्र उतरू द्या. बक्षीस म्हणून स्टीलची कळशी मिळाली तर ती पोराच्या आईची.

दहावीच्या सुट्टीतल्या क्लासबद्दल मी फार बोलणार नाही. बॅच आठला भरते, आम्ही सातला मोकळे होतो. हिशोब तुमचा तुम्ही करा. सवलतीचे गुण मिळतात का, हे विचारणाऱ्यांना : मिळतात, स्पर्धेच्या पातळीप्रमाणे, नियमात बसलं तर. पण ज्या पोराला गुणांसाठी पळायला पाठवलं ते नेमकं चढावर चालायला लागतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय.

पोरींच्या आयांशी थोडं वेगळं बोलायचं आहे.

"काळी पडेल" हे मला दर वर्षी ऐकायला मिळतं. सूर्य उगवायच्या आधी पळून काळं पडण्याची युक्ती मला अजून सापडलेली नाही. पण खरी अडचण ती नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. सुट्टी लागली की पोरीच्या वाट्याला पाणी, धुणं, धाकटी भावंडं आणि पाहुण्यांची उस्तवार येते. पोराला ही सुट्टी असते, पोरीला तिची आई आजारी पडल्यासारखी असते. मी सगळं काम बंद करा म्हणत नाही. पहाटेचे दोन तास फक्त तिचे राहू द्या, हंडा नंतर. आणि तिला पोटभर खाऊ द्या. दोन भाकरी खाणारी पोरगी हावरट नसते, ती वाढतेय आणि पळतेय. हिमोग्लोबिन तपासून घ्या. पळणाऱ्या पोरीची पाळी दोन-तीन महिने आली नाही तर "पळण्यानं असं होतं" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा ते खाणं कमी पडल्याचं लक्षण असतं आणि त्यानं हाडं कच्ची राहतात. डॉक्टरांना दाखवा. मला सांगायला लाजू नका, मीही त्यातूनच गेले आहे.

आणखी एक. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगी होती. चढावर तिच्या मागे राहायला मोठे पोरगे लाजायचे. मेच्या पहिल्या आठवड्यात आली, दुसऱ्या आठवड्यात नाही. पाहुण्यांकडे गेली आहे असं कळलं. जूनमध्ये शाळा उघडली, ती आली नाही. सतरावं लागलं होतं तिला. लग्नसराई आणि सुट्टी एकाच महिन्यात येतात. मी त्या घरी उशिरा गेले, याचं मला वाईट वाटतं. आता सुट्टीत एखादी पोरगी दोन दिवस दिसली नाही की तिसऱ्या दिवशी मी तिच्या दारात असते. राग मानू नका.

ज्यांना मामाच्या गावाला जायचंय त्यांना जरूर पाठवा. ते तर हवंच आहे. फक्त मामाला सांगून ठेवा, की पोरगं पहाटे उठून बाहेर जाईल, पळून गेलं म्हणून शोधाशोध करू नका. मागच्या वर्षी एक जण कोकणात गेला होता. परत आल्यावर आठ दिवस दुसरं काही बोलत नव्हता. लाल कातळाच्या सड्यावरून पळालो, तिथं जमीन वाजते, करवंदांच्या जाळीत हात सोलवटला, उतरताना वाट संपली आणि एकदम समुद्र. आपल्या पोरानं समुद्र पहिल्यांदा बघितला तो पळता पळता, बसच्या खिडकीतून नाही. त्याचं वहीतलं पान पोरांनी एवढ्यांदा वाचलंय की ते निसटून आलंय.

बुटांसाठी कर्ज काढू नका. महागड्या खिळ्यांच्या बुटांची या दिवसांत गरजच नाही. तळ न झिजलेले, पायाला बसणारे साधे बूट आणि धुतलेले मोजे पुरे. बेळगावचा फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला मॅरेथॉन पळाला आणि 19वा आला. त्या काळात पुण्याच्या मैदानावर शेतकऱ्यांची पोरं अनवाणीच पळायची, आणि त्यांचं ते पळणं बघूनच दोराबजी टाटांच्या मनात भारताचा संघ पाठवायचं आलं होतं. खाण्यालाही पावडरचा डबा नको. रात्री भाकरी-आमटी, सकाळी पळून आल्यावर गूळ-शेंगदाणे, नाचणीचं आंबील, अंडं चालत असेल तर अंडं. आणि रात्री नऊला मोबाइल काढून घ्या. हे काम मी सायकलवरून येऊन करू शकत नाही.

मोठ्या पोरांसाठी एक बेत ठरवला आहे. शिखर शिंगणापूरची यात्रा उरकली की एका रविवारी मुंगी घाट. चैत्रात जिथून माणसांची साखळी करून कावडी वर ओढतात, तोच चढ. पळायचा नाही, चढायचा. वर महादेवाचं दर्शन, येताना उतार सांभाळून. ज्यांना कुणाला सोबत यायचंय त्या पालकांचं स्वागत आहे. मागच्या वर्षी एक वडील आले होते, निम्म्यात बसले, पण डबा त्यांच्याकडे असल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं.

मग एखाद्या दुपारी आभाळ भरून येतं, वळीव पडतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मातीचा असा वास सुटलेला असतो की पोरं ठरलेल्यापेक्षा एक फेरी जास्त मारतात आणि मी बघून न बघितल्यासारखं करते. त्यानंतर आठ-दहा दिवसच राहतात. तुम्ही पेरणीच्या तयारीला लागता, कुळवाची पाळी घातलेल्या रानात पाय टाकायची सोय राहत नाही, आम्ही पुन्हा मैदानावर.

तर परीक्षा संपल्यावर दुसऱ्या सोमवारी, पहाटे सव्वापाचला, ओढ्याजवळच्या मोठ्या लिंबाखाली. पाण्याची बाटली, टोपी, एक रुमाल. लांबच्या वस्तीवरच्या पोरांना मी वाटेत घेत येईन, त्यांनी डांबरीवर येऊन थांबावं, एकट्यानं अंधारात निघू नये. ज्या सात जणांनी फोन केले होते त्यांची नावं मी यादीतून खोडलेली नाहीत.

पहिल्या दिवशीचं ताक माझ्याकडून. दुसऱ्या दिवसापासून नंबर लावू.

आपली,
पोरांची पळायची मॅडम